खुर्ची द्या, पण कामाची

दिवाळी झाली, उसाच्या तोडी लागल्या की आमच्या भागात कबड्डीचे सामने सुरू होतात. गडमुडशिंगी, सरनोबतवाडी, उचगाव, वळिवडे... एका मंडळाचे आटपेपर्यंत दुसऱ्याचा मंडप उभा राहतो. मी या सामन्यांत गुणलेखक म्हणून बसते. दिवसा गांधीनगरात कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहिते, संध्याकाळी आणि रविवारी चढाया-पकडी लिहिते. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. कॅलिपर, एक कुबडी आणि मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, यांवर माझं सगळं चालतं. आयुष्यात एकही चढाई केलेली नाही, पण मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत काय काय घडतं ते झोपेतही सांगेन.

गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलाभोवती आणखी चार माणसं जमली. एक ऐकू न येणारा पोरगा, एक पाय गमावलेला जुना खेळाडू, एक अंध निवेदक, अशी. यांतलं कुणीही भाषण ऐकून आलं नाही. प्रत्येकाला आणण्याची तऱ्हा निराळी होती. त्यातून जे कळलं ते लिहिते. क्रमाला अर्थ नाही, आठवलं तसं आहे.

१. सत्काराची खुर्ची वेगळी, कामाची वेगळी

अपंग माणसाला मैदानावर बोलवायचं म्हटलं की मंडळाच्या पोरांना पहिलं सुचतं ते शाल-श्रीफळ. मनापासून सुचतं, त्यात खोट नाही. व्यासपीठावर बसवतात, फेटा बांधतात, फोटो काढतात. मग पाहुण्यांबरोबर आपणही निघून जायचं. दुसऱ्या दिवशी सामना आपल्यावाचून रंगतो.

मी एक साधी कसोटी लावते : मी आज आले नाही तर सामना अडेल का? अडत असेल तर ते काम. गुणलेखक आला नाही की मुख्य पंच, म्हणजे आमचा सरपंच, शिट्टीच मारत नाही. सहायक गुणलेखक नसेल तर बाद झालेल्या गड्यांचा हिशेब कोण ठेवणार? वेळ धरणारा, प्रवेशिका तपासणारा, माईकवरचा, पाणी आणि बर्फाची पेटी सांभाळणारा, यांतला एकही नसला तर आयोजकाला फोनाफोनी करावी लागते. अपंग माणसाला या यादीतलं काहीतरी द्या. फीत कापायला आमदार आहेत.

२. "कधीतरी ये की" म्हटल्यावर कुणी येत नसतं

"ये की गं मैदानावर कधीतरी" हे मी लग्नाच्या मांडवात भेटलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षं ऐकलं. गेले नाही. कुठं बसायचं, काय करायचं, कुणाला विचारायचं, काहीच ठाऊक नसताना कुबडी टेकत हजार माणसांच्या गर्दीत शिरायचं कशाला? नुसत्या बघ्याला तरी काही ना काही काम असतं, शिट्ट्या मारायचं. आम्ही गेलो की लोक खेळ सोडून आमच्याकडं बघतात.

मग एकदा गावातल्या प्रशिक्षक मामांनी दुकानात येऊन सांगितलं, "रविवारी चार वाजता ये. दोन सामने लिहायचेत. आकडे तुझे सुवाच्य असतात, आमच्या पोरांचं आम्हालाच वाचता येत नाही." दिवस, वेळ, काम, आणि मीच का, चारही गोष्टी एका दमात. मी गेले.

तेव्हापासून मी कुणालाही बोलावते ते याच पद्धतीनं. "तू सहभागी हो, तुझा आत्मविश्वास वाढेल" असं कधीच म्हणत नाही. आत्मविश्वास वाढवून घ्यायला रविवारी दुपारची झोप कोण मोडतं?

३. ऐकू येत नाही तर काय झालं, दिसतं ना!

कबड्डीत सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे सहायक गुणलेखक. प्रत्येक संघासाठी एक असतो. बाद झालेला गडी बसण्याच्या चौकटीत येऊन क्रमानं बसतो, आणि आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की त्याच क्रमानं उठून आत जातो. आधी बाद झालेला आधी उठणार. हा क्रम सहायक गुणलेखक लिहितो. प्रेक्षक चढाईकडं बघत असतात. याला मात्र चढाई संपल्या संपल्या चौकटीकडं नजर टाकावी लागते. ओरडणाऱ्यांकडं लक्ष गेलं की चूक ठरलेली.

आमच्याकडं हे काम करणाऱ्या पोराला जन्मापासून ऐकू येत नाही. गॅरेजमध्ये काम करतो, कबड्डीचं वेड आहे. उजळाईवाडीचं विमानतळ आमच्या गावाला लागूनच, त्यामुळं विमान उतरायला लागलं की चढाईपटूचा "कबड्डी कबड्डी" पंचांना ऐकू येईनासा होतो आणि वाद सुरू होतात. याचं मात्र काहीच अडत नाही.

एका सामन्यात फारच मजा झाली. एका संघाचे दोघे बाद होऊन बसलेले, आत पाचच. त्यांच्या चढाईपटूनं बोनस रेषा ओलांडून एक गुण आणला. गुण मिळाला म्हणून बसलेल्यांतला पहिला उठून सरळ आत गेला. पण बोनस गुणावर गडी उठत नाही, गडी उठतो तो समोरचा बाद केल्यावरच. आमच्या पोरानं मागून जर्सी धरून त्याला परत आणून बसवला. हे होईपर्यंत समोरचा चढाईला आलेला. त्यानंही बोनस रेषेपलीकडं पाय टाकला आणि हात वर केला, "बोनस!" बोनस मिळायला समोर कमीत कमी सहा गडी लागतात. तो म्हणतो, सहा होते, मी मोजले. त्याच्या कर्णधारानं टेबलच गाठलं.

सरपंचांनी माझा तक्ता बघितला, मग पोराचा. त्याच्या कागदावर दोघांचे क्रमांक, बाद झाल्याची खूण, उठल्याची खूण नाही. पाचच. बोनस नाकारला. तेवढ्यात आयोजकांपैकी एक काका मध्ये पडले, "द्या की एक गुण, कशाला वाढवताय. त्या पोराला काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, "काका, ऐकायचं नव्हतंच, बघायचं होतं."

सामना संपल्यावर तो कर्णधार परत आला आणि पोराशी हातवारे करून तावातावानं भांडला. पोरगाही हातवारे करून भांडला. बोटं दाखव, कागदावर बोट आपट, कपाळाला हात लाव, सगळं झालं. घरी जाताना तो इतका खूश होता की मी विचारलं, काय रे? त्याच्या खुणांचा मला लागलेला अर्थ असा : आजवर कुणी माझ्याशी भांडायच्याच भानगडीत पडत नव्हतं.

४. चुकलं तर आमच्यावरही ओरडा

वरच्या गोष्टीतला कर्णधार मला आवडला, काका नाही आवडले. दयेनं दिलेला गुण हा खेळातला सर्वांत वाईट गुण असतो, आणि दयेनं सोडलेली चूकही तशीच. आकडा चुकला तर सरपंचांनी झापावं. पुन्हा पुन्हा चुकला तर खुर्चीवरून उठवावं आणि शिकून यायला सांगावं. इतरांना करता तेच करा.

५. जुना खेळाडू सत्काराला येत नाही, अडचणीला येतो

पोलिओची आमची पिढी ही शेवटची. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. देवाची कृपा आणि त्या डोस पाजत हिंडणाऱ्या बायांची. पण अपंगत्व काही संपलेलं नाही, त्याची वाट बदलली. आता पुणे-बंगळूर महामार्गावरून येतं, मोटारसायकलवर बसून येतं. साखरेच्या आजारानं पाय काढावा लागलेलं माणूसही प्रत्येक गल्लीत एखादं सापडतं. म्हणजे आज अपंग होणाऱ्यांत काल धडधाकट खेळलेली माणसं पुष्कळ आहेत. यांच्याकडं खेळाचं जे ज्ञान आहे ते माझ्याकडं कधीच असणार नाही.

आमच्या पंचक्रोशीत असा एक उजवा कोपरारक्षक होता. घोट्यात पकड टाकायचा तर चढाईपटू जागेवर खिळायचा. महामार्गावर अपघात झाला, गुडघ्याखाली पाय गेला. जयपूर फूट लावून चालायला लागला, कामालाही लागला, पण मैदानावर पाऊल टाकेना. सामने असले की गल्लीच्या तोंडाला गाडी उभी करून, इंजिन चालूच ठेवून, दोन चढाया बघायचा आणि निघून जायचा. मंडळानं सत्काराला बोलावलं, आला नाही. प्रमुख पाहुणा म्हणून पत्रिकेत नाव छापलं, त्या दिवशी तो गावातच नव्हता.

मामांनी मग दुसरी युक्ती केली. आमच्या मुलींच्या संघातली एक पोरगी कोपऱ्यात उभी राहायची, घोटा धरायची, पण दर वेळी सुटायचा. तिचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढला आणि त्याला पाठवला. खाली एवढंच लिहिलं : "ही का सुटतीया रं?" रात्री उत्तर आलं, लांबलचक, आवाजातलं. "मामा, ती हात आधी टाकतीया आन् गुडघा मागनं आणतीया. गुडघा आधी खाली जाया पायजे. आन् नजर पायावर नको, कमरंवर ठेव म्हणावं. पाय फसवतो, कंबर नाय फसवत." दुसऱ्या दिवशी दुसरा व्हिडिओ गेला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो स्वतःच आला, कारण आवाजातून ते सांगणं त्याला पटेना.

आता तो मैदानाच्या कडंला दुधाच्या क्रेटवर बसतो, कृत्रिम पाय सरळ समोर पसरून. पोरींना हातानं दाखवतो : डाव्या हाताचं मनगट म्हणजे चढाईपटूचा घोटा, उजव्या हाताची पकड. "अंगठा आत नको, बोटांच्याच बाजूला ठेव, नाहीतर मोडंल." हे तो इतक्या वेळा सांगतो की पोरी त्याची नक्कल करतात. पहिल्यांदा त्याच्यासमोर नक्कल झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तो मात्र हसला आणि नक्कल करणारीलाच वाकून दाखवायला लावलं.

त्याला पदक नको होतं, सहानुभूतीही नको होती. त्याच्याकडचं काहीतरी कुणाला तरी हवं होतं, एवढंच त्याला कळायला पाहिजे होतं.

६. पदकापलीकडंही बघा

आमच्या बाजूला अपंग खेळाडूंची परंपरा मोठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ साली पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकलं. आमच्या कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियोला एअर रायफलमध्ये चौथे आले. ही नावं मी पोरांना सांगते, अभिमानानं सांगते.

पण या नावांचा एक तोटाही होतो. घरात अपंग पोरगं असलं की लोक म्हणतात, "याला पॅरालिम्पिकला पाठवा." म्हणजे एक तर देशाचं पदक, नाहीतर घरातला कोपरा. धडधाकट पोरांना आपण असं म्हणतो का? हजार पोरं तालमीत जातात, त्यांतला एखादा मोठा पैलवान होतो. बाकीचे वस्ताद होतात, पंच होतात, आखाड्याची माती मळतात, खासबाग मैदानात बसून डावावर वाद घालतात. खेळ या बाकीच्यांवर चालतो. अपंगांतले हे "बाकीचे" कुठं आहेत, असं मी विचारते.

७. आपणच मांडलेला डाव जास्त टिकतो

कुणी बोलावेल याची ज्यांनी वाट बघितली नाही अशी माणसं मला जास्त जवळची वाटतात. अपंगांच्या खेळांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९४८पासून सुरुवात करतात : इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी तिरंदाजीची स्पर्धा ठेवली, तिथून पुढं पॅरालिम्पिक. पण त्याच्याही २४ वर्षं आधी, १९२४ साली, पॅरिसमध्ये बहिऱ्या लोकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या होत्या. त्या भरवणारे युजीन रुबेन्स-अल्के स्वतः बहिरे होते. आज त्या स्पर्धांना डेफलिम्पिक्स म्हणतात. तिथं पिस्तुलाऐवजी दिव्यानं शर्यत सुटते, शिट्टीऐवजी पंचाचा झेंडा हलतो. आमच्या मैदानावरही पंच आता त्या पोरासाठी हात जरा उंच धरतात. त्याचा फायदा मागं बसलेल्या प्रेक्षकांनाही होतो, गोंगाटात शिट्टी त्यांना तरी कुठं कळते?

मुंबईचे चारुदत्त जाधव यांची गोष्टही अशीच. किशोरवयात दृष्टी गेली, बुद्धिबळ शिकले, आणि पुढं अंधांच्या बुद्धिबळासाठी अखिल भारतीय संघटना उभी केली. हा खेळ मी एकदा जवळून बघितला. पटावरची काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगटीला खाली खुंटी. एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक असतं, त्यावरून आपली कोणती ते बोटांना कळतं. दोघांपुढं दोन वेगळे पट, चाल तोंडानं सांगायची, समोरच्यानं ती आपल्या पटावर लावायची. एवढी व्यवस्था डोळस माणसाला बसून सुचली असती असं मला वाटत नाही.

आणि शेजारीच उचगावात नसीमादीदी हुरजूक यांनी उभं केलेलं काम आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर गेलेल्या या बाईंनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था सुरू केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन आमच्या भागातल्या अपंगांच्या कित्येक घरांत सापडेल. मला त्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की अपंगांना लागणाऱ्या वस्तू संस्थेच्या वर्कशॉपमध्ये अपंगांच्याच हातांनी घडत होत्या. घेणारा आणि देणारा एकाच बाकावर.

८. बारीकसारीक, पण याच्यावरच अडतं

गुणलेखकाचं टेबल मांडताना जनरेटरची वायर टेबलासमोरून नेऊ नका, मागून न्या. कुबडी वायरीत अडकते. मॅटची कड चिकटपट्टीनं दाबा. टेबल मैदानाच्या ज्या अंगाला चढ नाही तिथं ठेवा. खुर्ची हात असलेली द्या, उठताना रेटा घ्यायला लागतो. अंध निवेदकाला संघांची यादी आदल्या दिवशी मोबाईलवर मजकूर म्हणून पाठवा, फोटो नको. फोटो त्याचा फोन वाचत नाही. आमचा निवेदक यादी एकदा ऐकतो आणि चौदाही गडी क्रमांकासकट पाठ म्हणतो, पण हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो आला की बिचारा हतबल होतो.

बायकांसाठी संडास. हे वेगळं लिहिते. चार तास टेबलावर बसायचं म्हणून मी दुपारपासून पाणी प्यायचं टाळायची. आता शेजारच्या शाळेचं कुलूप त्या दिवशी उघडं ठेवतात. तिथं जायला एकच पायरी आहे, तिला फळी लावली की झालं. कायद्यात सगळं आहे, २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं ३०वं कलम खेळांतल्या सहभागाबद्दलच आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत फळी मागायला लाजू नका.

येण्याजाण्याचं आधी ठरवा. एस.टी.त सवलत आहे, पण रात्री अकराला अंतिम सामना संपल्यावर एस.टी. कुठली?

९. सेवा म्हणजे फुकट राबवणं नव्हे

पंचांना मानधन, माईकवाल्याला भाडं, मांडववाल्याला रोख, आणि अपंग स्वयंसेवकाला मात्र "तुम्हाला समाधान मिळालं ना?" हे चालणार नाही. सगळेच फुकट करत असतील तर आम्हीही आनंदानं करू. इतरांना मिळतंय तर आम्हालाही तेवढंच. पेट्रोलचे पैसे तरी द्यावेतच, कारण तीनचाकीला आणि चार चाकं केलेल्या स्कूटरला तेल जास्त लागतं. वडापाव सगळ्यांबरोबर द्या, वेगळ्या ताटात आणून देऊ नका.

१०. घरचे

माझी आई म्हणायची, "पुरुषांच्या गर्दीत रात्रीचं काय काम तुझं?" तिला समजावण्याच्या नादाला मी लागले नाही. एकदा स्कूटरवर मागं बसवून घेऊन आले आणि टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिली. अर्ध्या तासानं ती पंचालाच शिव्या द्यायला लागली. त्यानंतर मला उशीर झाला तर ती विचारते, "कोण जिंकलं?"

सगळ्यांच्या आया अशा नसतात. एका मुलीचे वडील अजून तयार नाहीत. ती घरात बसून आमच्या तक्त्यांची बेरीज तपासून देते, फोटो पाठवले की दहा मिनिटांत. हेही स्वयंसेवकाचंच काम आहे.

११. शिकायचं असेल तर पावसाळ्यात या

सामने चालू असताना शिकवायला कुणाला सवड नसते. जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल असतो, तेव्हा आम्ही जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावून तक्ते भरायचा सराव करतो. गुणांची खूण वेगळी, बोनसची वेगळी, अख्खा संघ बाद केल्यावरचे लोणाचे दोन गुण कसे दाखवायचे, दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई कुणाची ते कसं लक्षात ठेवायचं, हे सगळं बसून शिकता येतं. त्याला धावावं लागत नाही. नियमावली आधी वाचून या, जिल्ह्याच्या पंच परीक्षेला बसायचं असेल तर ती तोंडपाठच करावी लागते. हाताची अडचण असेल तर लिहिणारा सोबत आणा, तुम्ही बोला, तो लिहील.

दोन रंगांची बॉलपेनं लागतील, निळं आणि लाल. जेल पेन नको, घामानं पसरतं.